मागं चूल आहे का?

पन्हाळ्यावर बंगला भाड्यानं घेताना पुण्या-मुंबईचा पाहुणा आधी गॅलरीचं विचारतो, मग पार्किंगचं. कोल्हापूरकर विचारतो, "मागं चूल आहे का?" प्रश्न रास्त आहे. शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या या गडावरून दरी झकास दिसते, पण पावसाळ्यात धुकं बसलं की दरी काय आणि भिंत काय, सारखंच. मटण धुक्यातही शिजतं.

गड तसा नांदता. शिलाहार राजा भोजानं बांधलेला, कवी मोरोपंतांचा जन्म (१७२९) इथलाच, लता मंगेशकरांचाही बंगला इथं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे. हे सगळं गाईड पाहुण्यांना पुढच्या अंगाला सांगत होता. मी मागच्या दारानं परसात गेलो.

तिथं बंगला सांभाळणारे मामा आणि वहिनी. तीन दगडांवर मोठं पातेलं. त्यात आलं-लसूण आणि मीठ लावलेलं बकऱ्याचं मटण, वर खोलगट ताट, ताटात पाणी. मटणाला पाणी लागलं की ताटातलं कढत पाणी आत जायचं. गार पाण्याचा थेंब चालत नाही, मटण दडदडीत राहतं. हळदही नाही. हळद पडली की पांढरा रस्सा पिवळा झालाच.

मटण शिजलं की त्याचं पाणी दोन भांड्यांत वाटलं जातं, आणि पुढचा सगळा खेळ त्या दोन भांड्यांत. तांबड्या रश्श्याची तयारी खरं तर उन्हाळ्यातच झालेली असते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, अशी मिरची डंकावर कुटून कांदा-लसूण चटणीची बरणी भरलेली. आता फक्त निखाऱ्यात भाजलेले कांदे, सुकं खोबरं, तीळ यांचं वाटण तेलात परतायचं, चटणी घालायची आणि पाणी ओतायचं. वर लाल कट आला की काम झालं. तांबडा चुका पोटात घालतो. मीठ थोडं इकडंतिकडं झालं तरी तिखटात कळत नाही.

पांढरा लपवाछपवी करू देत नाही. वहिनींनी ओलं खोबरं कोमट पाण्यात वाटून फडक्यातून पिळलं. दूध निघालं ते झाकून बाजूला. भिजवलेली खसखस, तीळ, काजू गंधासारखे वाटलेले. तुपात लवंग, वेलदोडा, दालचिनी, मिरी. मग वाटण, मग मटणाचं पाणी. एवढं होईपर्यंत गप्पा चालल्या होत्या. खोबऱ्याचं दूध हातात घेतलं तशा त्या मामांवर खेकसल्या, "मी बघतो हितलं, तुम्ही आधी जाळ वढा!" मामांनी दोन लाकडं बाहेर ओढली. दूध धारेनं पडत होतं, पळी एकाच दिशेनं फिरत होती. कडेला बुडबुडे दिसले तसं पातेलं खाली. आणखी एक उकळी आली असती तर दूध फुटून चोथा वर, पाणी खाली. फुटलेल्या पांढऱ्याला इलाज नाही.

नाव तांबड्याचं होतं, हात मात्र पांढऱ्यात कळतो, असं माझं मत. तांबड्याच्या भक्तांशी यावर वाद घालायला मी तयार आहे.

सिसिली किंवा क्रीट बेटावर सुट्टीचा बंगला घेतला तर तिथलंच कुणी घरी येऊन रांधून देतं, आणि टेबलावर त्याच मातीतली वाईन असते. इथल्या पाहुण्यांनी नाशिकची रेड वाईन आणली होती. तांबड्याच्या दोन भुरक्यांनंतर तिला कुणी विचारलं नाही. पुण्याच्या एका काकांनी ती पांढऱ्याबरोबर घेऊन पाहिली आणि "जमतंय की" म्हणाले. मला काही पटलं नाही. मुळात इथं घासागणिक वाटी तोंडाला लावायची ती रश्श्याचीच. एक भुरका तांबड्याचा, तोंड पोळलं की एक पांढऱ्याचा, मध्ये शाळूची भाकरी आणि सुकं. वाईनला जागाच राहत नाही.

भात शेवटी आला. त्यावर कुठला घ्यायचा यावर टेबलाचे दोन तट पडले, तेव्हा वहिनी दोन्ही भांडी घेऊन उभ्या होत्या आणि विचारत होत्या, "आधी वाटी कुणाची रिकामी हाय?"