शिळा पाव घ्यावा, पण पारखून

दुकान बंद होण्याच्या सुमारास अनेक बेकऱ्यांत आणि सुपरमार्केटमध्ये दिवसभरात न खपलेला ब्रेड, पाव वा बन कमी दरात मिळतो. काही ग्राहक तो ठरवून नेतात, तर काही जण 'शिळे ते वाईट' म्हणून नाक मुरडतात. वास्तविक, पाव शिळा होणे आणि खराब होणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. सवलतीत पैसे वाचतात की वाया जातात, हे त्यांतील फरक ओळखण्यावर अवलंबून असते.

पाव वाळल्यामुळे कडक होतो, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र ओलावा न गमावताही पाव शिळा होतो आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास पुन्हा मऊ होतो, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसिंगो यांनी १८५२ मध्येच दाखवून दिले होते. भट्टीत मैद्यातील स्टार्च पाणी शोषून फुगतो. पाव निवल्यानंतर त्याचे रेणू पुन्हा एकमेकांलगत घट्ट रचले जातात. उष्णतेने ही रचना सैल होते. पावभाजीच्या गाडीवर लोण्यात परतलेला पाव कालचा आहे, हे कोणाच्या लक्षात येते? अर्थात हा मऊपणा फार काळ टिकत नाही. गरम केलेला पाव लगेच खावा.

हीच रचना फ्रीजच्या थंडाव्यात अधिक वेगाने घडते. त्यामुळे फ्रीजमध्ये बुरशी लांबते, पण पाव लवकर कडक होतो. दोन दिवसांत संपणार नसेल, तर तो नीट गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये ठेवणे उत्तम.

खराब पावाची गोष्ट वेगळी. एका स्लाइसवर बुरशी दिसली, तर तेवढाच भाग काढून भागत नाही. मऊ ब्रेडमध्ये तिचे तंतू न दिसता आत पसरलेले असतात. दमट, उष्ण हवेत आणखी एक दोष आढळतो. पाव तोडताना आतून चिकट तार सुटते आणि अति पिकलेल्या फळासारखा वास येतो. हे करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू भट्टीच्या उष्णतेतही तगतात. तेव्हा 'टोस्ट करून खाऊ' हा विचार सोडून असा पाव सरळ टाकून द्यावा.

बंद पाकिटावरील 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' तारीख उलटल्यावर माल सवलतीतही विकता येत नाही. सुट्या लादीपावावर मात्र तारीखच नसते. तो कोणत्या भट्टीचा, सकाळचा की कालचा, हे विचारण्यात संकोच कशाला?

क्रीम पेस्ट्री, अंड्याचे वा चिकनचे पॅटिस यांना मात्र हा हिशेब लागू नाही. ते दिवसभर फ्रीजबाहेर राहिले असतील, तर निम्म्या किमतीतही महागच. उलट खारी, टोस्ट, नानकटाई एक दिवस जुनी असल्याने बिघडत नाही. तुपा-तेलाला खवट वास नाही ना, एवढे पाहिले की पुरे.