स्पीकरची परीक्षा घरच्या खोलीत

पनवेलच्या जुन्या गावठाणात, वडाळे तलावाच्या आसपास, लाकडी तुळयांची आणि मंगळुरी कौलांची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना नव्या पनवेलमधल्या अथवा कामोठ्यातल्या एखाद्या सदनिकेत पाऊल टाकताच एक फरक जाणवल्यावाचून राहत नाही, आणि तो म्हणजे येथे उच्चारलेला शब्द भिंतीवर आपटून परत येतो. काँक्रीटच्या भिंती, गुळगुळीत फरशी, काचेची सरकती तावदाने आणि लोखंडी कपाट हा सारा सरंजाम ध्वनी शोषून घेत नाही, तो परतवतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर या परिसरात जी नवी वस्ती उभी राहिली, तीतील एखादे कुटुंब जेव्हा काही वर्षांच्या बचतीतून घरात उत्तम संगीत ऐकण्यासाठी स्पीकरची जोडी घेण्याचा बेत करते, तेव्हा त्याने सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे की आपण नुसती एक पेटी विकत घेणार नसून त्या पेटीचा आणि आपल्या खोलीचा संयोग घरात आणणार आहोत. खरेदीचा शेवटचा निर्णय दुकानात न होता घरी व्हावा, असा आग्रह मी धरतो तो याच कारणाने.

स्पीकरची रचना वरवर पाहता साधी आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अभियंत्यांनी १९२५ साली जी पद्धत सिद्ध केली, तीच बहुतांशी आजही चालू आहे: चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे एक हलके वेटोळे, त्याला चिकटलेला कागदाचा किंवा तत्सम पदार्थाचा शंकू, आणि विद्युत्प्रवाहाच्या चढउताराबरोबर पुढेमागे हलून हवेला कंप देणारी त्या शंकूची गती. परंतु शंकूचे वजन, पेटीची घडण, तिचे आकारमान आणि जाड व बारीक स्वरांची वाटणी करणारे मंडल यांपैकी एकात किंचित बदल झाला तरी स्वराचा पोत पालटतो. दोन चांगल्या अॅम्प्लिफायरांतील भेद ओळखताना जाणकारांनाही प्रयास पडतात. दोन स्पीकरांतील भेद मात्र शाळकरी मुलालाही कळतो. म्हणून पैशाचा आणि वेळेचा मोठा वाटा येथेच खर्ची पडणे रास्त होय.

माहितीपत्रकातील आकडे निरुपयोगी नसतात, पण त्यांचा अंमल मर्यादित असतो. एका वॉटला एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल देणारा स्पीकर आणि ८९ डेसिबल देणारा स्पीकर यांत पहिल्याला तितकाच आवाज काढण्यासाठी दुप्पट शक्ती लागते, हे ठाऊक असल्यास अॅम्प्लिफायरची निवड चुकत नाही. मात्र मल्लिकार्जुन मन्सूरांचा आवाज त्यातून कसा उमटेल, याचा दाखला कोणताही आकडा देऊ शकत नाही. तो दाखला कानानेच मिळवावा लागतो, आणि त्यासाठी कानापाशी आधी काही प्रमाण असावे लागते. मायक्रोफोनवाचून होणारी एखादी छोटी बैठक, देवळातले साधे कीर्तन, शेजारच्या घरातून ऐकू येणारी हार्मोनियम अशा अस्सल ध्वनींशी ज्याचा परिचय आहे, त्याची परीक्षा सहसा फसत नाही.

सोबत न्यायच्या ध्वनिमुद्रणांची तजवीज घरून निघण्यापूर्वीच करावी, आणि ती आपल्याला मुखोद्गत असलेल्या गायनाचीच असावीत, कारण दुकानदाराने लावलेला चमकदार नमुना त्याच्या मालाचे गुण तेवढे दाखविण्यासाठी निवडलेला असतो. ख्यालाच्या आरंभीची तंबोऱ्याची साथ ही तर आपल्या परंपरेने हाती दिलेली कसोटीच होय. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, तेव्हा त्याच्या तंबोऱ्याची खरजाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. लहान आकाराचे अनेक स्पीकर नेमके याच सुमारास थकू लागतात, आणि मग खरज तार वाजते खरी, पण तिचा पाया हरवलेला असतो. शिवाय मिरजेच्या कारागिराने जवारी मन लावून काढलेली असेल, तर खरजाच्या झंकारातून जो स्वयंभू गंधार उमलतो, तो खरजाच्या पाचपट कंपनसंख्येचा, म्हणजे येथे सुमारे ३४७ हर्ट्झचा स्वर. ज्या स्पीकरातून पंचम, जोड आणि खरज ही तीन स्थाने निरनिराळी राहतात आणि तरीही तो गंधार त्यांच्यावर तरंगताना ऐकू येतो, त्या स्पीकरने पहिली पायरी ओलांडली असे मानावे.

दुसरी कसोटी मनुष्याच्या बोलण्याची. बीबीसीच्या संशोधकांनी आपले स्पीकर घडविताना प्रत्यक्ष बोलणारा माणूस आणि स्पीकरमधून येणारे त्याचेच बोलणे यांची तुलना केली, ती याच जाणिवेतून की माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलो आहोत आणि त्यातील कृत्रिमता कान क्षणात पकडतो. आकाशवाणीच्या बातम्यांचे किंवा एखाद्या व्याख्यानाचे मुद्रण लावून पाहावे. वक्ता पिंपात बसून अथवा नाकातून बोलत असल्याचा भास झाला, तर संगीतात तो दोष झाकला जाईल या आशेवर राहू नये.

पूर्वी ऐकून मग घेण्याची रीत मुंबईत चांगली रुजलेली होती. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये तबकडी घेण्यापूर्वी ती ऐकण्याची सोय होती. २०१६ साली ते दुकान बंद झाले आणि एक शिस्तही त्याबरोबर मावळली. ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अद्याप विद्युत्सामग्रीच्या दुकानांनी गजबजलेला आहे. पनवेलहून लोकलच्या खडखडाटात दीड तास काढून तेथे पोहोचणाऱ्याने कान निवल्याशिवाय ऐकायला बसू नये, कारण दमलेला कान बारीक स्वरांना दाद देत नाही.

दुकानात बसल्यावर सर्वांत महत्त्वाची अट समान आवाजाची. दोन जोड्यांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर ती मोठी न वाटता अधिक चांगली वाटते, आणि हा कानाचा स्वभाव असल्यामुळे मनाचा निग्रह त्यापुढे चालत नाही. मोबाइलवरचा ध्वनिमापक अगदी काटेकोर नसला, तरी दोन्ही जोड्यांचा आवाज एकाच जागेवरून समान करून घेण्यास तो पुरतो. दुसरा मोह डोळ्यांचा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच श्रोते आणि तेच स्पीकर असताना, पडद्याआड ऐकून दिलेला कौल आणि पाहून दिलेला कौल यांत लक्षणीय तफावत पडली. तेव्हा सोबतच्या माणसाला जोड्या बदलायला सांगून आपण डोळे मिटून ऐकावे, यात संकोच मानण्याचे कारण नाही. आधी दोहोंपैकी एकच स्पीकर ऐकावा, कारण जोडीच्या विस्तारात लपणारे दोष एकट्यात उघडे पडतात. शेवटी आवाज पुष्कळ उतरवून तोच राग पुन्हा ऐकावा. कान मंद आवाजात खालच्या स्वरांना कमी संवेदनशील असतो हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे, आणि शेजारधर्म पाळणाऱ्या घरात रात्रीचे ऐकणे बहुधा मंदच असते.

एवढे होऊनही निकाल लागत नाही, कारण खोलीची साक्ष बाकी राहते. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच अशा खोलीत सुमारे ४७, ५७ आणि ६० हर्ट्झच्या लहरी भिंतींमध्ये कोंडून घुमू लागतात. हे तिन्ही आकडे जवळजवळ असल्यामुळे डग्ग्याची एकच थाप एका कोपऱ्यात गडगडते, तर खोलीच्या मध्यावर क्षीण होते. दुकानाच्या प्रशस्त दालनात भारदस्त वाटलेला स्पीकर घरच्या कोपऱ्यात बसविताच मजकुराऐवजी नुसता घुमारा ऐकवू लागतो, तो यामुळे. यावर उपाय खर्चाचे नाहीत. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढावेत, बैठक मागच्या भिंतीला टेकवू नये, जमिनीवर जाड सतरंजी आणि खिडकीला घडीदार पडदा असावा, बाजूला पुस्तकांचे कपाट असल्यास उत्तमच. तारांची लाल आणि काळी टोके दोन्ही बाजूंना सारखी जोडली आहेत याची खातरजमा करावी. एक बाजू उलटी लागली तर गायक मधोमध न राहता विरून जातो आणि डग्गा पोकळ होतो.

म्हणून पैसे पूर्ण चुकते करण्यापूर्वी काही दिवसांच्या मुदतीवर जोडी घरी नेण्याची परवानगी मागावी, अनामत रक्कम, परतीची शर्त आणि हमीचा तपशील पावतीवर लिहून घ्यावा, आणि त्या मुदतीत सकाळचा राग सकाळी, रात्रीचा रात्री असे ऐकत राहावे. पहिल्या दिवशी दिपविणारा स्पीकर चौथ्या दिवशी कानाला टोचू लागतो, तर काही स्पीकर पहिल्या भेटीत नि:स्तेज वाटूनही दिवसागणिक गायकाला अधिकाधिक जवळ आणतात. जो विक्रेता अशी मुभा देतो, त्याला चार पैसे अधिक द्यावे लागले तरी ते सत्कारणी लागतात. जो देत नाही, त्याच्याकडील सवलत कितीही आकर्षक असली तरी ती नाकारण्याचे धैर्य ग्राहकाने दाखवावे. संगीतासाठी पोटाला चिमटा घेऊन पैसा साठविणाऱ्या माणसाला आपल्याच भिंतींमध्ये, आपल्याच माणसांच्या सोबतीने ऐकून मग निर्णय घेण्याचा हक्क आहे, आणि तो त्याने निःसंकोच बजावावा.