एनसीव्ही टेस्ट: करंट देऊन नस कशी तपासतात?

आमच्या वर्तकनगरच्या म्हाडा कॉलनीत तळमजल्यावरच्या काकू ब्लाउज शिवतात. गेले काही महिने रात्री दोन-तीनच्या सुमारास उजव्या हाताच्या मुंग्यांनी त्यांना जाग यायची. मग अंथरुणात बसून हात झटकायचा. डॉक्टरांनी एनसीव्ही टेस्ट लिहून दिली, तर काकूंनी ती चिठ्ठी पंधरा दिवस फ्रिजवर ठेवून दिली. "त्यात करंट देतात म्हणे!"

देतात, खरंच देतात. पण एका झटक्याची लांबी मिलिसेकंदाचा छोटासा अंश असते. टिचकी मारल्यासारखं वाटतं आणि बोट आपोआप उडतं. एनसीव्ही म्हणजे नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, नसेतून निरोप किती वेगाने जातो त्याचं माप. (इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू.)

काकूंच्या बाबतीत संशय होता मीडियन नर्व्हवर. ही नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून, म्हणजे कार्पल टनेलमधून, हातात शिरते. टेस्टमध्ये अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवतात. आधी मनगटावर झटका देतात आणि स्नायू किती वेळाने हलला ते मशीन टिपतं. मग तोच झटका कोपराजवळ. समजा मनगटापासून ३.५ मिलिसेकंद लागले आणि कोपरापासून ७.५. फरक ४ मिलिसेकंदांचा. दोन्ही जागांमधलं अंतर टेपने मोजलं, ते २२ सेंटीमीटर. भागाकार केला की सेकंदाला ५५ मीटर, म्हणजे ताशी १९८ किलोमीटर! हाताच्या नसेत ५० च्या वरचा वेग साधारण नॉर्मल धरतात, पायात थोडा कमी चालतो.

दोनदा झटका कशाला, एकदाच दिला तर? निरोप नसेतून स्नायूत उतरतानाही थोडा वेळ जातो. वजाबाकी केली की तो वेळ निघून जातो आणि उरतो निव्वळ नसेचा प्रवास.

आता गंमत बघा. कार्पल टनेलमध्ये नस दाबली गेली असेल, तरी कोपर ते मनगट हा वेग बहुतेक वेळा चांगलाच येतो. उशीर होतो तो मनगटापासून पुढे. लोकल डोंबिवलीहून सुसाट यावी आणि ठाण्याच्या आउटरला उभी राहावी, तसं. म्हणून डॉक्टर नुसता वेग पाहत नाहीत, उशीर नेमका कुठे झाला ते पाहतात. मुंग्यांचं मूळ मानेत आहे की मनगटात, याचा अंदाज त्यातूनच येतो.

आलेखाची उंचीही महत्त्वाची. नसेवरचं मायलिनचं वेष्टण खराब झालं की वेग घटतो. आतले तंतूच मेले तर वेग बरा दिसतो, पण उंची कमी होते. जुना डायबेटिस असेल तर पायाच्या नसाही तपासून घेतात, कारण तिथे त्रास बहुधा आधी सुरू होतो.

हात गार असेल तर चांगली नसही मंद दिसते. त्वचेचं तापमान एका अंशाने उतरलं तरी वेग सेकंदाला दीड-दोन मीटरने घटू शकतो. एसी रूममध्ये टेक्निशियन तुमचा हात शेकायला लागले तर वैतागू नका, ते बरोबर करताहेत.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरून चालू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. तेव्हा एनसीव्ही हे नाव घरोघरी पोचलं. पण या आजारात पहिल्या काही दिवसांत टेस्ट जवळजवळ नॉर्मल येऊ शकते. जुलाबानंतर पायातली ताकद कमी होत वर चढत असेल, तर टेस्टच्या तारखेची वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

एनसीव्हीच्या जोडीला कधी ईएमजी करतात. त्यात स्नायूत बारीक सुई घालतात, पण तिच्यातून करंट देत नाहीत. ती फक्त स्नायूतले विद्युत संकेत ऐकते. ईईजी वेगळी. ती मेंदूचे संकेत डोक्यावरून टिपते, तिथे झटका नाही की सुई नाही. फक्त केस धुऊन जायचं, तेल चोपडून नाही.

एनसीव्हीला जाताना हातापायाला क्रीम लावू नका, अंगठ्या-बांगड्या काढा. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

काकू शेवटी गेल्या. उशीर मनगटातच निघाला आणि डॉक्टरांनी रात्री लावायला पट्टा दिला. करंटचं काही नाही, पण घट्ट बसलेल्या बांगड्या काढताना जीव गेला, असं त्या सांगत होत्या.