जिल्हा, तालुका, गाव: एकात एक कंट्रोल आणि डेटा बाइंडिंगविषयीचे गैरसमज

संगणकाच्या पडद्यावरील मजकुराची चौकट, बटण किंवा निवडीची यादी यांना कंट्रोल म्हणतात, आणि अशा कंट्रोलचा एखादा गुणधर्म मूळ माहितीतील ठरावीक घटकाशी जोडून एकातील बदल दुसऱ्यात आपोआप उमटेल अशी व्यवस्था करणे म्हणजे डेटा बाइंडिंग होय. माहिती आणि तिचे दर्शन वेगळे ठेवण्याचा विचार ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर या रचनेतून मांडला होता. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेल्या विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशनमध्ये, म्हणजेच डब्ल्यूपीएफमध्ये, डेटा बाइंडिंग हा पडद्यावर माहिती दाखवण्याचा मुख्य मार्गच ठरला. एका कंट्रोलच्या पोटात दुसरे आणि त्याच्या पोटात तिसरे कंट्रोल आले की या व्यवस्थेतील चुका शोधणे अवघड होते.

महाराष्ट्राची प्रशासकीय रचना हे अशा मांडणीचे नेहमीचे उदाहरण आहे. महाभूलेख या राज्याच्या भूमिअभिलेख संकेतस्थळावर सातबारा, म्हणजे शेतजमिनीचा उतारा, पाहणाऱ्याला जिल्हा, तालुका आणि गाव याच क्रमाने निवड करावी लागते. अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके असून, त्या सर्वांची गावे एकाच पडद्यावर दाखवायची झाल्यास जिल्ह्याच्या यादीत तालुक्यांची आणि तालुक्याच्या यादीत गावांची यादी बसवावी लागते. पुढील विवेचनात अशीच एक कल्पित मांडणी गृहीत धरली असून तपशील प्रामुख्याने डब्ल्यूपीएफचे आहेत.

गैरसमज १: जागा कोरी दिसली, म्हणजे माहितीच आली नाही.

वस्तुस्थिती: माहिती पोहोचलेली असूनही बाइंडिंगमध्ये लिहिलेला मार्ग चुकलेला असू शकतो. गुणधर्माचे नाव ‘गावे’ असताना ‘गाव’ असे लिहिले गेले, तर डब्ल्यूपीएफचा कार्यक्रम बंद पडत नाही आणि वापरकर्त्याला इशाराही मिळत नाही. केवळ ती जागा रिकामी राहते. चूक विकासकाच्या आउटपुट खिडकीत मात्र नोंदली जाते, आणि गुणधर्म सापडला नाही अशा अर्थाची ४० क्रमांकाची नोंद तेथे दिसली, तर कोणता मार्ग कोणत्या प्रकारच्या वस्तूवर शोधला गेला हेही तिच्यात वाचता येते. म्हणून डेटाबेस तपासण्यापूर्वी ही खिडकी वाचणे श्रेयस्कर ठरते.

गैरसमज २: बाहेरच्या कंट्रोलला जी माहिती मिळते, तीच आतल्यालाही मिळते.

वस्तुस्थिती: बाइंडिंगचा मार्ग ज्या वस्तूपासून मोजला जातो तिला डेटाकॉन्टेक्स्ट म्हणतात, आणि तो बाहेरून आत वारशाने उतरतो हे खरे असले, तरी यादीतील प्रत्येक ओळीपाशी हा वारसा बदलतो, कारण त्या ओळीचा डेटाकॉन्टेक्स्ट म्हणजे यादीतील तो एक घटक असतो. परिणामी तालुक्याच्या ओळीत ‘नाव’ असे लिहिल्यास तालुक्याचे नाव मिळते, जिल्ह्याचे नव्हे. जिल्ह्याचे नाव हवे असल्यास रिलेटिव्हसोर्स या सोयीने जवळच्या पूर्वज कंट्रोलपर्यंत, म्हणजे तालुक्यांच्या यादीपर्यंत, जावे लागते आणि त्या यादीच्या डेटाकॉन्टेक्स्टमधून, म्हणजे जिल्ह्यातून, नाव घ्यावे लागते. डेटाग्रिड या तक्त्याच्या कंट्रोलचा स्तंभ मात्र या वारशाच्या वृक्षात बसतच नाही, त्यामुळे स्तंभाच्या स्वतःच्या गुणधर्मांवर लिहिलेले बाइंडिंग, उदाहरणार्थ स्तंभ दाखवावा की लपवावा हे ठरवणारे, निष्फळ ठरते. त्याच स्तंभातील खाने मात्र ओळीच्या माहितीशी नीट जोडले जातात.

गैरसमज ३: मूळ माहिती बदलली की पडदा आपोआप बदलतो.

वस्तुस्थिती: बदल झाल्याची सूचना माहितीच्या वस्तूने द्यावी लागते, आणि ही सूचना वेगवेगळ्या पातळ्यांवर वेगवेगळी असते. ऑब्झर्व्हेबलकलेक्शन हा यादीचा प्रकार घटक वाढला किंवा गळला यांसारखे यादीतले बदलच कळवतो. आतल्या एखाद्या गावाच्या नावात दुरुस्ती झाली, तर ती त्या गावाच्या वस्तूने आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड या करारानुसार कळवावी लागते. मेहकर तालुक्याऐवजी लोणार तालुका निवडल्यावर गावांची संपूर्ण यादीच नव्याने नेमली गेली, तर ती नेमणूक जिच्यावर झाली त्या बाहेरच्या वस्तूने सूचना देणे आवश्यक असते, अन्यथा पडद्यावर मेहकरचीच गावे राहतात. तीन पातळ्यांच्या मांडणीत एका पातळीची सूचना दुसऱ्या पातळीचे काम करीत नाही.

गैरसमज ४: यादी आणि निवड कोणत्याही क्रमाने भरली तरी चालते.

वस्तुस्थिती: यादी बदलल्यावर जुनी निवड नव्या यादीत नसेल, तर कंट्रोल आपली निवड रिकामी करते, आणि बाइंडिंग दुहेरी असल्यास तो रिकामेपणा मूळ नोंदीतही लिहिला जातो, जतन केलेला अर्ज पुन्हा उघडताच तालुका नाहीसा होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून आधी यादी, मग निवड हा क्रम जिल्हा, तालुका आणि गाव या तिन्ही पातळ्यांवर पाळावा लागतो. निवडलेली वस्तू आणि यादीतील वस्तू यांची नावे सारखी असली, तरी त्या स्वतंत्रपणे तयार झाल्या असतील तर संगणक त्यांना सर्वसाधारणपणे भिन्न मानतो. नावावरून जुळवणी करणेही विश्वसनीय नाही, कारण बुलढाणा आणि बुलडाणा, शेगाव आणि शेगांव अशी दुहेरी लेखने प्रचलित आहेत, तर जळगाव हे नाव खानदेशातील जिल्ह्यालाही आहे आणि बुलढाण्यातील जळगाव जामोद तालुक्याच्या नावातही येते. जुळवणी संकेतांकावर करणे सुरक्षित असते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याचा संकेतांक ४९९ आणि बुलढाण्याचा ५०० आहे.

गैरसमज ५: फ्रेमवर्क बदलले की हे प्रश्न उरत नाहीत.

वस्तुस्थिती: २०१० मध्ये आलेल्या अँग्युलरजेएस या वेब फ्रेमवर्कमध्येही यादीच्या ओळी रचणारी एनजी-रिपीट ही सोय प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र स्कोप, म्हणजे नावांची स्वतंत्र कक्षा, तयार करीत असे. आतल्या चौकटीत साधे मूल्य भरल्यास ते त्या ओळीच्या कक्षेतच साठत असे आणि बाहेरचे मूल्य जसेच्या तसे राहत असे. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्टने माहितीचा प्रवाह एकाच दिशेने ठेवला, तरीही ‘या ठिकाणी माहिती कोणाची आहे’ हा प्रश्न विकासकाला सोडवावाच लागतो.

गैरसमज ६: आपल्या जिल्ह्यावर चाचणी यशस्वी झाली, म्हणजे मांडणी बरोबर आहे.

वस्तुस्थिती: बुलढाणा हे जिल्ह्याचे, तालुक्याचे आणि शहराचेही नाव आहे. तालुक्याच्या ओळीत जिल्ह्याचे नाव दाखवायचे असताना चुकून तालुक्याचेच नाव जोडले गेले, तरी बुलढाणा तालुक्याच्या ओळीत ‘बुलढाणा’ हेच दिसते आणि चूक झाकली जाते. मेहकरच्या ओळीत जिल्हा म्हणून ‘मेहकर’ दिसू लागले की ती उघडी पडते. अकोला, वाशिम, अमरावती आणि यवतमाळ येथेही जिल्हा व मुख्यालयाचा तालुका समनाम असल्याने अमरावती विभागातील कोणत्याही जिल्ह्याच्या मुख्यालयावर केलेली चाचणी अशीच फसवी ठरते, तर रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुका घेतल्यास चूक लगेच कळते. म्हणून दोष शोधताना सर्वांत बाहेरच्या कंट्रोलपासून आत जात प्रत्येक पातळीवर डेटाकॉन्टेक्स्ट कोणता आहे ते पडद्यावर छापून पाहावे, आणि चाचणीसाठी तिन्ही पातळ्यांची नावे परस्परांपासून भिन्न असतील अशीच नोंद निवडावी.