ताप उतरल्यानंतरची लढाई

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरच्या नव्या संकुलांपर्यंत अनेक घरांना एकच प्रश्न पडला होता. पाचव्या दिवशी ताप उतरला, रुग्ण जेवू लागला आणि आठव्या-नवव्या दिवशी अचानक ऑक्सिजन कसा घसरला?

याचे उत्तर विषाणूपेक्षा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत अधिक सापडते. एखाद्या पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडते. गाडी येण्याआधी फलाटावर उद्घोषणा व्हावी, तसा हा शेजारच्या पेशींना दिलेला इशारा असतो. करोनाचा विषाणू नेमकी ही उद्घोषणाच दाबून टाकतो. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस काहीच जाणवत नाही, मात्र विषाणू वाढत राहतो. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीही माणूस संसर्ग पसरवू शकतो, तो यामुळेच. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाल्या, तेव्हा नुसता ताप मोजून असा प्रवासी ओळखता येणे शक्य नव्हते.

पुढे ताप येतो. तो विषाणूचा नव्हे, शरीराच्या प्रतिकाराचा परिणाम. टी पेशी बाधित पेशींना शोधून मारतात, बी पेशी प्रतिपिंडे बनवू लागतात. या तयारीला आठवडा-दहा दिवस लागतात. बहुतेकांची लढाई इथेच संपते.

काहींची संपत नाही. वय जास्त असेल किंवा मधुमेह असेल, तर हा धोका वाढतो. पहिला इशारा उशिरा मिळालेला असतो, विषाणू फुप्फुसात पोहोचलेला असतो आणि मग यंत्रणा अवाजवी जोराने तुटून पडते. दाह वाढतो, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांत द्रव साचतो. विषाणू ओसरत असतानाही रुग्ण खालावतो तो असा. सहा मिनिटे चालून ऑक्सिजन मोजण्याचा आरोग्य विभागाचा सल्ला हे खालावणे वेळीच पकडण्यासाठी होता. दहा बाय दहाच्या खोलीत ते चालणे म्हणजे नुसत्या येरझाऱ्या, पण त्यांनीही काम भागत होते.

स्टिरॉइडचे गणितही याच वेळापत्रकावर चालते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. दुसऱ्याच दिवशी, शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून औषध दुकानातून आणलेली तीच गोळी म्हणजे लढाईआधीच सैन्याला बसवणे. त्यात रक्तातील साखर वाढते. राज्यात त्या काळात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिवापर ही मोठी कारणे होती.

बरे झाल्यावर काही महिन्यांत प्रतिपिंडे घटतात. ते स्वाभाविक आहे. स्मृतिपेशी मागे राहतात. डिसेंबर २०२१मध्ये राज्यातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण शेजारच्याच कल्याण-डोंबिवलीत सापडला. या नव्या रूपाने जुन्या प्रतिपिंडांना बऱ्याच अंशी हुलकावणी दिली. टी पेशी मात्र विषाणूचे इतर, न बदललेले तुकडे ओळखत राहिल्या. लस घेतलेल्या किंवा आधी आजारून गेलेल्या बहुतेकांना नव्याने संसर्ग होऊनही आजार सौम्य राहिला, त्यात या पेशींचा मोठा वाटा होता. लॅबमधून हौसेने काढून आणलेल्या प्रतिपिंडांच्या अहवालात या टी पेशींचा आकडा नसतोच.