पोथीवरचा हरताळ

अंबाजोगाईच्या आमच्या महाविद्यालयात ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार समजावून देत होतो. पूर्वी पोथी उतरवताना चूक झाली, की लेखनिक त्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावीत. अक्षरे खाली तशीच असत. वाचणाऱ्याने ती वगळायची. हे ऐकून विज्ञान शाखेची एक मुलगी म्हणाली, “सर, पेशींतही असंच असतं!”

तिचे म्हणणे खरेच होते. पेशीतील डीएनएची पोथी चारच अक्षरांत लिहिलेली असते. त्यांतील ‘सी’ या अक्षरावर मिथिल नावाचा चिमुकला रासायनिक गट बसतो. जनुकाच्या आरंभी असे पुष्कळ गट बसले, की ते जनुक बहुधा मुके होते. पेशींच्या बेफाम वाढीला लगाम घालणारी जनुकेच मुकी झाली, तर कर्करोगाला वाट मोकळी होते.

हा हरताळ ओळखावा कसा? बायसल्फाइट या रसायनाने कोरे ‘सी’ बदलते, खूण असलेले तसेच राहते. मग दोन्ही प्रती ताडून पाहायच्या! आतड्याच्या कर्करोगासाठी रक्तात अशा खुणा शोधणाऱ्या एका चाचणीला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली.

अमेरिकेचे कौतुक बीडला कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर त्याच मुलीने तास संपल्यावर दिले. “आईला सांगितलं होतं, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. तपासलं काहीच नाही.” तिची आई ऊसतोडीला जाते. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे अनेक होती. पण कर्करोगाची भीती हे त्यांतले एक.

शेजारच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात याच भीतीला निराळे उत्तर मिळाले. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने तेथे १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एका गटासाठी गर्भाशयमुखाच्या नमुन्यात एचपीव्ही विषाणूचे डीएनए शोधण्याची एकच फेरी झाली. २००९ साली निष्कर्ष आले. त्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. नेहमीच्याच व्यवस्थेवर सोडलेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४.

विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला, असे मात्र नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. खरा धोका कोणाला, हे निवडण्यासाठी पेशींतला हरताळ पाहणाऱ्या चाचण्या आता निघाल्या आहेत. त्या आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात कधी येतील ते येवोत. पण ‘आधी तपासणी, मग शस्त्रक्रिया’ हा धडा घ्यायला कोणते यंत्र लागते? पोथी न वाचताच फाडून टाकणे, याला चिकित्सा म्हणत नाहीत.

परवा ती मुलगी पुन्हा भेटली. मावशीलाही तोच सल्ला मिळाला होता म्हणे. पण या खेपेस भाचीने हट्ट धरला आणि मावशी बार्शीला जाऊन तपासून आली.

“सर, पिशवी शाबूत आहे,” ती म्हणाली, “आणि मावशीही!”