शेवाळ, पाणी आणि जैववायू

इंदूरमध्ये ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार करणारा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून माझ्या वर्गात जैववायूचा विषय अधूनमधून निघतो. एकदा मी सांगून गेलो, ‘शेवाळाने तो शुद्धही करता येतो, शेवाळ कार्बन डायऑक्साइड खाते.’ एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मग शेवाळाने सोडलेला ऑक्सिजन कुठे जातो?’ मी निरुत्तर झालो.

प्रश्न नेमका होता. जैववायूत जळणारा मिथेन साधारण ५० ते ६५ टक्के असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शिवाय यंत्रे गंजवणारा थोडा हायड्रोजन सल्फाइड. मिथेनमध्ये ऑक्सिजन मिसळत गेला तर स्फोटाची भीती. म्हणून वायू आणि शेवाळ वेगळे ठेवतात. मध्यस्थी पाणी करते.

उंच नळकांड्यातल्या अल्कधर्मी पाण्यात वायूचे बुडबुडे सोडतात. कार्बन डायऑक्साइड मिथेनपेक्षा वीसपटीहून अधिक विरघळतो, म्हणून तो पाण्यात राहतो आणि मिथेन वर निघतो. ते पाणी मग उन्हातल्या उघड्या तळ्यात जाते. तिथे क्लोरेलासारखे सूक्ष्म शेवाळ विरघळलेला कार्बन घेऊन वाढते. बराचसा ऑक्सिजन हवेत जातो. पाण्यातल्या ऑक्सिजनवर जिवाणू हायड्रोजन सल्फाइडचे सल्फेट करतात. पाणी पुन्हा कामाला तयार होते.

याला जागा आणि ऊन भरपूर लागते. म्हणून ही पद्धत अजून बहुतांशी प्रयोगाच्या पातळीवर आहे.

पुढच्या तासाला मी फळ्यावर माझे वाक्य दुरुस्त केले : वायूला पाणी शुद्ध करते आणि पाण्याला शेवाळ.